ज्याचं नाव खरवडलं नाही: मॅडनेस या ब्रिटिश बँडच्या ‘द प्रिन्स’ या पहिल्या सिंगलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पन्नासच्या दशकात जमैकातल्या किंग्स्टन शहरात मैदानांत आणि रस्त्यांवर भले मोठे स्पीकर लावून नाच चालत. या फिरत्या ताफ्यांना साउंड सिस्टिम म्हणत. अमेरिकेतून आलेली नवीकोरी रेकॉर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे गर्दी. त्यामुळे रेकॉर्ड हाती आली की तिच्या मधलं लेबल खरवडून टाकायची पद्धत होती. वाजवणारा कोण, गाणं कुठलं, हे प्रतिस्पर्ध्याच्या माणसाला वाकून पाहिलं तरी कळता कामा नये! विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची ‘लेटर फॉर द गेटर’ ही रेकॉर्ड कॉक्सन डॉड या साउंड सिस्टिमवाल्याने ‘कॉक्सन हॉप’ या नावाने वाजवली. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड तिच्या खऱ्या नावाच्या शोधात होता, आणि अखेर त्याने ती मिळवलीच.

प्रिन्स बस्टर या जगातून वर आला. खरं नाव सेसिल बस्टामेंटे कॅम्पबेल, जन्म २४ मे १९३८, किंग्स्टन. ‘बस्टर’ हे नाव कामगारनेते अलेक्झांडर बस्टामेंटे यांच्यावरून. पोरवयात मुष्टियुद्ध खेळलेला हा गडी आधी डॉडच्या ताफ्यात भांडणं आवरण्याचं काम करायचा. पुढे त्याने ‘व्हॉइस ऑफ द पीपल’ ही स्वतःची साउंड सिस्टिम काढली, ऑरेंज स्ट्रीटवर रेकॉर्डचं दुकान टाकलं आणि स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. फोक्स ब्रदर्सच्या ‘ओ कॅरोलिना’साठी त्याने काउंट ओसीच्या ढोलवादकांना स्टुडिओत आणलं. हे वादक रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक पंथाचे. रास्ताफारींना तेव्हा शहरात फारसं कुणी जवळ करत नव्हतं, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाचं मोल कळतं.

बस्टरचं संगीत स्का या प्रकारातलं. स्का म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी हाताने चार मात्रा मोजाव्यात आणि प्रत्येक आकड्यानंतर ‘आणि’ म्हणावं. एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. गिटारचा किंवा पियानोचा आखूड, तुटक आघात आकड्यावर न पडता त्या ‘आणि’वर पडतो. अंग पुढे ओढलं जातं ते त्यामुळे.

बस्टरच्या रेकॉर्ड लंडनमध्ये ‘ब्लू बीट’ या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या त्या नावाखाली, निघत. हे लेबल इतकं रुळलं की ब्रिटनमध्ये या संगीतालाच ब्लूबीट म्हणू लागले. त्याचं ‘अल कपोन’ १९६७ मध्ये तिथल्या विक्रीच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. सत्तरच्या दशकात मात्र स्कामधूनच पुढे आलेल्या, संथ ठेक्याच्या रेगेचा जमाना आला, बस्टर ध्वनिमुद्रणापासून दूर होत धंद्यात रमला, आणि ब्रिटनच्या नव्या पिढीसाठी त्याचं नाव जुन्या रेकॉर्डच्या खोक्यात जाऊन पडलं.

त्या खोक्यात हात घालणाऱ्यांत उत्तर लंडनच्या कॅम्डन टाउनमधली काही पोरं होती. माइक बार्सन (कीबोर्ड), ख्रिस फोरमन (गिटार) आणि ली थॉम्पसन (सॅक्सोफोन) या मित्रांनी १९७६ मध्ये ‘नॉर्थ लंडन इन्व्हेडर्स’ नावाने सुरुवात केली. पुढे गायक सग्ज, बेसवर मार्क बेडफर्ड, ड्रमवर डॅन वुडगेट आले. ‘इन्व्हेडर्स’ नावाचा दुसरा बँड असल्याने १९७९ मध्ये नवं नाव शोधणं आलं. आपण वाजवतो त्यातल्याच एखाद्या गाण्याचं घेऊ, अशी चर्चा चालली होती. फोरमन थट्टेने म्हणाला, मग काय ‘मॅडनेस’ ठेवायचं? ‘मॅडनेस’ हे प्रिन्स बस्टरचं गाणं. थट्टा बाकीच्यांनी उचलून धरली आणि तेच नाव कायम झालं.

पेच

१९७९ च्या उन्हाळ्यात या सहा जणांना पहिली रेकॉर्ड काढायची संधी चालून आली. सग्ज तेव्हा १८ वर्षांचा होता, थॉम्पसन २१ चा.

सिंगल म्हणजे पुढे एक आणि मागे एक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड. पहिली सिंगल ही बँडची ओळख असते. रेडिओवर तीन मिनिटं मिळतात, त्यात आपण कोण ते सांगायचं. या पोरांची अडचण अशी की त्यांच्या अंगातलं बरंचसं संगीत दुसऱ्याकडून आलेलं होतं. ठेका जमैकाचा, सॅक्सोफोनचं वळण बस्टरच्या रेकॉर्डवरून उचललेलं, बँडचं नावसुद्धा त्याचंच. आणि हे सहाही जण गोरे.

काळही नाजूक होता. त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनल फ्रंट या उघड वर्णद्वेषी पक्षाने ३०३ उमेदवार उभे केले होते. पक्षाची मतांच्या हिशेबात धूळधाण झाली, पण रस्त्यावरचा त्याचा आवाज बंद झाला नव्हता. डोकं भादरून हिंडणाऱ्या, स्किनहेड म्हणवणाऱ्या पोरांपैकी काही जण त्या पक्षाच्या नादी लागलेले, आणि स्काच्या कार्यक्रमांना स्किनहेड गर्दी करत. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर नाचायचं आणि बाहेर पडून त्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या, असं चालू होतं.

म्हणजे पेच दुहेरी. आपण घेतलंय ते कुणाकडून घेतलंय हे सांगायचं कसं, हा एक. समोरचा प्रेक्षक ते ऐकेल का, हा दुसरा. माझ्या मते पहिला त्यांनी फार सुंदर सोडवला. दुसऱ्याकडे वेळेत पाहिलं नाही.

समोरचे पर्याय

त्यांनी बसून फायद्यातोट्याचा तक्ता मांडला असेल असं नाही. पण रस्ते कुठले खुले होते हे आज स्पष्ट दिसतं, कारण त्यातल्या प्रत्येकावरून कुणी ना कुणी गेलं.

सगळ्यांत सोपं म्हणजे बस्टरचंच एखादं गाणं पुन्हा गाऊन पुढच्या बाजूला टाकायचं. यात धोका कमी, कारण गाणं आधीच कसोटीला उतरलेलं. पण पहिल्याच पावलाला दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची चाल घेतली तर हा बँड स्वतः कोण, हे ऐकणाऱ्याला कळलं नसतं.

दुसरा रस्ता कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’नी त्याच वर्षी दाखवला होता. त्यांच्या ‘गँगस्टर्स’ या पहिल्या सिंगलच्या सुरुवातीला मोटारीचे टायर करकचतात तो आवाज थेट बस्टरच्या ‘अल कपोन’मधला आहे. सांगाडा जुना ठेवून वर आपली गोष्ट रचायची, असा हा प्रकार. गाणं जबरदस्त झालं आणि सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण बस्टर तिथे जाणकारालाच सापडतो. ‘अल कपोन’ न ऐकलेल्या पोराला ते टायर म्हणजे नुसते टायर.

तिसरा रस्ता, बस्टरला बाजूला ठेवून आपल्याच गल्लीतलं काही गायचं. बार्सनचं ‘माय गर्ल’ त्यांच्याकडे होतंच. पुढे ते सिंगल म्हणून निघालं तेव्हा तिसऱ्या क्रमांकाला पोचलं, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने हा पर्याय कच्चा नव्हता. आज मागे वळून पाहता तोच शहाणपणाचा होता, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ‘माय गर्ल’ने सुरुवात झाली असती तर ठेका कुठून आला हा प्रश्नच कुणी विचारला नसता, आणि उत्तर देण्याची गरज बँडलाही वाटली नसती.

चौथा रस्ता थॉम्पसनने काढला.

निर्णय आणि कृती

त्याने बस्टरवर गाणं लिहिलं. चाल स्वतःची, शब्द स्वतःचे, विषय बस्टर. गाण्यात बस्टरचं नाव येतं, ऑरेंज स्ट्रीट येतो. आपल्याकडे गवई मैफलीत उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, बंदीश त्यानंतर. इथे पहिल्या रेकॉर्डची पहिली बाजूच कानाला हात लावण्यासाठी दिलेली आहे.

मला या गाण्यातली एक जागा सगळ्यांत मोलाची वाटते. मी कितीही धावत राहिलो तरी ऑरेंज स्ट्रीटला कधी पोचणार नाही, असं गाणारा कबूल करतो. किंग्स्टनचा तो रस्ता कॅम्डनपासून समुद्रापलीकडे आहे म्हणून पोचणार नाही, आणि तिथे जगलेलं आयुष्य आपलं नाही म्हणूनही. २१ वर्षांच्या पोराने हे अंतर ओळखणं आणि नाचायच्या गाण्यात ते घालणं, यात खरी जाण दिसते. आपण जमैकन असल्याचा आव तो आणत नाही. सग्ज गातो तेही आपल्या लंडनी उच्चारांतच.

मागच्या बाजूला काय ठेवायचं, हा निर्णय बोलण्यात फारसा येत नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिथे त्यांनी बस्टरचं ‘मॅडनेस’ ठेवलं, गीतकार म्हणून त्याच्याच नावासह. सिंगलच्या विक्रीवरची गीतकाराची रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या गाण्यांना सारखीच लागू होते. रेडिओवर पुढचीच बाजू वाजली तरी दुकानातून विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डवर मागच्या गाण्याचाही वाटा निघतो. म्हणूनच पुष्कळ बँड मागे आपलंच एखादं किरकोळ गाणं टाकतात, म्हणजे पैसे घरात राहतात. यांनी ती जागा ज्याचं ऋण होतं त्याला दिली. पुढच्या बाजूला ज्याचं नाव ऐकलं, रेकॉर्ड उलटली की त्याचं गाणं. वंदन आणि पुरावा एकाच तबकडीवर.

ध्वनिमुद्रण लंडनच्या ‘पाथवे’ या आठ ट्रॅकच्या छोट्याशा स्टुडिओत झालं. इंग्लिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोचा पहिला अल्बम झाला तो हाच स्टुडिओ. निर्माता म्हणून क्लाइव्ह लँगर होता. पुढे मॅडनेसच्या आवाजाला आकार देण्यात त्याचा मोठा हात राहिला.

लेबलचा प्रश्न ओळखीतून सुटला. स्पेशल्सचा जेरी डॅमर्स याने १९७९ मध्ये ‘टू टोन’ हे लेबल काढलं होतं. काळे-पांढरे चौकोन, आणि काळा सूट, गोल टोपी घातलेला एक चित्रातला माणूस. ही आकृती जमैकन गायक पीटर टॉशच्या जुन्या छायाचित्रावरून काढलेली, म्हणजे मूळ तिथेही जमैकाचंच. काळे आणि गोरे वादक एकत्र, हे या लेबलचं नुसतं चिन्ह नव्हतं, स्पेशल्स आणि ‘द सिलेक्टर’ हे बँड खरोखरच तसे होते. करारही मोकळा. एक सिंगल काढा, मग हवं तिथे जा. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरांना याहून चांगली अट कुठली मिळणार?

‘द प्रिन्स’ १० ऑगस्ट १९७९ ला बाजारात आली. पुढचा करार ‘स्टिफ’ या कंपनीशी झाला. तिचा मालक डेव्ह रॉबिन्सन याला बँड प्रत्यक्ष ऐकायला वेळ नव्हता, म्हणून त्याने या पोरांना स्वतःच्या लग्नातच वाजवायला बोलावलं. तिथे पाहुणे नाचले, काम झालं.

परिणाम

‘द प्रिन्स’ १६ व्या क्रमांकापर्यंत चढली. सप्टेंबरमध्ये बँड ब्रिटिश टीव्हीवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमात दिसला. ऑक्टोबरमध्ये स्टिफवर दुसरी सिंगल आली, ‘वन स्टेप बियाँड’. ही थेट बस्टरचीच रचना, सातव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच नावाचा पहिला अल्बम दुसऱ्या क्रमांकाला पोचला, त्यात ‘द प्रिन्स’ही होती. बँडचं नाव, पहिल्या सिंगलचा विषय, तिची मागची बाजू, दुसरी सिंगल, अल्बमचं नाव. एकाच वर्षात पाच ठिकाणी एकच माणूस.

इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. बस्टरचं स्वतःचं ‘अल कपोन’ ब्रिटनमध्ये १८ व्या क्रमांकावर थांबलं होतं. त्याच्यावर लिहिलेलं गाणं १६ व्या क्रमांकावर गेलं. शिष्याने वाहिलेली फुलं गुरूच्या पुतळ्यापेक्षा उंच झाली. यात मॅडनेसचा दोष काढता येत नाही, पण ज्या बाजारात ते उतरले होते तो कुणाला किती देतो, हे त्या दोन आकड्यांच्या फरकात आहे. मागच्या बाजूवर ‘मॅडनेस’ ठेवण्याचा निर्णय या फरकापुढे अपुरा असेल, पण योग्य दिशेचा होता.

दुसऱ्या पेचाचं मात्र बिनसलं. ऑक्टोबरमध्ये स्पेशल्स, सिलेक्टर आणि मॅडनेस असा टू टोनचा एकत्र दौरा निघाला. गर्दीत नॅशनल फ्रंटची पोरंही येत. बाकीच्या दोन बँडमध्ये काळे-गोरे दोन्ही असल्याने त्यांची बाजू रंगमंचावर नुसतं उभं राहिल्यानेच स्पष्ट व्हायची. मॅडनेस सगळेच गोरे असल्याने ही पोरं त्यांना ‘आपले’ समजू लागली. नोव्हेंबरमध्ये एका संगीत साप्ताहिकात बँडच्या बाजूने एक विधान छापून आलं. आमच्याकडे येणारे कुठल्या पक्षाचे याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, मजा करावी, असा त्याचा अर्थ निघत होता. बोलणाऱ्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. तो तरुण होता, आणि पुढे बँडने या वादाला गाण्यातूनही उत्तर दिलं. वर्णद्वेषाशी आपला काही संबंध नाही, हे त्यांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. पण डाग लागायचा तो लागला, आणि ज्यांनी बस्टरचं नाव पुढच्या बाजूवर घेतलं होतं त्यांच्यावर लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट कागदाची. टू टोनच्या सिंगल कंपनीच्या एकसारख्या पाकिटात येत. पाकिटाची छपाई वाचत होती, लेबलची ओळख पक्की होत होती. पण त्यामुळे बस्टर कोण हे सांगायला जागाच उरली नाही. १५ वर्षांच्या पोराने दुकानातून ‘द प्रिन्स’ घरी नेली तर हा राजपुत्र कुठला, हे त्याला गाण्यातूनच हुडकावं लागणार. मधल्या लेबलवर एक ओळ पुरली असती: किंग्स्टनच्या प्रिन्स बस्टरसाठी. जिथे एके काळी नाव खरवडलं जात होतं, नेमक्या त्याच जागी ते छापलं गेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, शोधू दे की पोरांना, शोधण्यातच गोडी. पुष्कळांनी शोधलंही असेल. पण जो शोधत नाही त्याचं काय? नॅशनल फ्रंटचा बिल्ला लावून नाचणारा पोरगा नेमका न शोधणाऱ्यांतला.

दुसरी गोष्ट पुढच्या कामाची. ‘वन स्टेप बियाँड’च्या सुरुवातीला जी गाजलेली आरोळी आहे, तिच्यातलं एक वाक्य बस्टरच्या ‘स्कॉर्चर’ या दुसऱ्या रेकॉर्डवरून घेतलेलं आहे. ‘द प्रिन्स’मध्ये ज्या काळजीने नाव घेतलं ती काळजी तिथे दिसत नाही, वाक्य आपलं असल्यासारखं येऊन जातं. मी हे चोरी म्हणत नाही. साउंड सिस्टिमच्या परंपरेत अशी वाक्यं तोंडोतोंडी फिरतच होती. खुद्द बस्टरही या गुंत्यातून सुटला नव्हता. ‘ओ कॅरोलिना’ नेमकं कुणी लिहिलं हा वाद नव्वदच्या दशकात लंडनच्या न्यायालयात गेला, आणि निकाल बस्टरच्या विरुद्ध, फोक्स ब्रदर्समधल्या जॉन फोक्सच्या बाजूने लागला. म्हणून ज्याला वंदन करायचं त्याच्या मागे उभ्या असलेल्यांची नावंही विचारून घ्यावीत. बस्टरच्या गाण्यांवर सॅक्सोफोन आणि ढोल वाजवणारे लोक होते. त्यांना या सगळ्यात जागा मिळाली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बस्टरवर गाणं काढायचं ठरलं, त्याच दिवशी बँडने एक छोटंसं निवेदन ठरवून ठेवायला हवं होतं. हे संगीत कृष्णवर्णीय जमैकन माणसांचं आहे, आम्ही त्यांचे ऋणी आहोत, आणि त्यांचा द्वेष करणाऱ्याला आमच्या कार्यक्रमात जागा नाही, एवढंच. मुलाखतीत कुणी विचारलं की सहांपैकी कुणीही हेच सांगायचं. रंगमंचावर ‘द प्रिन्स’ सुरू करण्याआधी सग्जने ही तीन वाक्यं म्हणायची आणि मग ठेका धरायचा. गाणं त्याला पूरक होतंच. बस्टर कोण, काळा की गोरा, हे गर्दीतल्या ज्या पोराने कधी मनावर घेतलं नव्हतं, त्याला नाचता नाचता ते ऐकावं लागलं असतं. काही जण चिडून निघून गेले असते. कदाचित एखाद्या रात्री बाटल्याही फेकल्या गेल्या असत्या, आणि १८ वर्षांच्या गायकाकडून हे मागणं सोपं नाही, हे मी मान्य करतो. पण दौऱ्यात पॉलिन ब्लॅक सिलेक्टरची मुख्य गायिका म्हणून, एक कृष्णवर्णीय तरुणी म्हणून, त्याच गर्दीसमोर रोज रात्री उभी राहत होती. तिच्या बाजूने तीन वाक्यं बोलणं त्यांना झेपलं असतं.

बस्टरला २००१ मध्ये जमैकाने ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा सन्मान दिला. ८ सप्टेंबर २०१६ ला मायामीमध्ये तो गेला. ‘द प्रिन्स’ त्याच्या हयातीत, तो ४१ वर्षांचा असताना निघाली होती.